दार लागलं

मुलांनो, आधी एक सांगा. विश्वास कोणावर ठेवावा? जो म्हणतो, "कुलूप लागलं आणि किल्ली आत राहिली," त्याच्यावर? की जो म्हणतो, "मी कुलूप लावलं आणि किल्ली आत विसरलो," त्याच्यावर?

घाई नको, सावकाश सांगा. माझं दुकान कडी-कोयंड्यांचं. बिजागऱ्या, खिट्ट्या, कुलपं, सगळं मिळतं. पहिल्या तऱ्हेचं गिऱ्हाईक माझ्याकडे रोज येतं. दुसऱ्या तऱ्हेचं अजून यायचं आहे. आमच्या गावातल्या किल्ल्यांना घरात एकटं बसायची हौस फार. मालक बाहेर पडला की त्या आपल्या बुद्धीने आत राहतात. मालक बिचारा काय करणार? तो माझ्याकडे येऊन नवं कुलूप नेतो. माझी काही तक्रार नाही.

तर त्या किल्ल्यांवरून एक गोष्ट आठवली. बाकड्यावर जरा सरकून बसा, म्हणजे मागच्यांनाही जागा होईल. आणि दार उघडंच राहू द्या. का, ते पुढे कळेल.

एका जंगलात कबड्डीचं फार वेड होतं. दोन संघ होते. एक वरच्या रानाचा, एक नदीकाठचा. दोघांचा सामना असला की सगळं जंगल मैदानात जमायचं. त्या दिवसापुरता राजाचा एक नियम असे. सूर्य मावळेपर्यंत कोणी कोणाला खायचं नाही. याला म्हणायचे अभय. लांडगा आणि ससा एका पायरीवर बसून सामना बघत. ससा थोडा कडेला बसायचा, पण बसायचा.

सूर्य मावळला की अभय संपलं. मग ज्याने त्याने आपापलं बघायचं. म्हणून सामना संपला रे संपला की लहान जनावरं उठून घराकडे पळत. जिंकलं कोण, हरलं कोण, हे ती घरी पोचल्यावर एकमेकांना विचारत.

या पळण्याचा एका जिवाला फार त्रास व्हायचा. तो जीव म्हणजे वाघमहाराज.

महाराजांना भाषणाची आवड होती. सामना संपल्यावर बक्षीस द्यायचं आणि मग बोलायचं, असा त्यांचा शिरस्ता. पण ते बोलायला उभे राहीपर्यंत पायऱ्या रिकाम्या झालेल्या असत. खाली फक्त खेळाडू असत, कारण त्यांना बक्षीस घ्यायचं असे, आणि चिटणीस असत, कारण त्यांना चिटणीस राहायचं असे.

चिटणीस होते तरसोजी. तरसाचा चेहरा तुम्ही पाहिलाय का? जन्मतःच हसरा असतो. आनंदाची बातमी सांगा, तरसोजी हसतायत. दुःखाची सांगा, तरीही हसतायत. त्यामुळे त्यांच्या मनात काय आहे ते कोणाला कधी कळलं नाही, आणि असा माणूस संस्थेच्या चिटणीसपदाला फार बरा असतो.

त्या वर्षी अंतिम सामन्याच्या आधी महाराज तरसोजींना म्हणाले, की यंदा भाषण जरा भरल्या मैदानात झालं तर बरं वाटेल. एवढंच म्हणाले. पुढे काही नाही. तरसोजी म्हणाले, "होईल, महाराज."

आता मैदानाला दार एकच. सागवानी, भक्कम, आत उघडणारं.

इथे तुम्ही मला अडवायला हवं होतं. गर्दीच्या जागेचं दार बाहेर उघडणारं हवं, हे माझ्या दुकानात बिजागरी न्यायला येणारा कोणीही सांगेल. गर्दी आतून रेटते. दार आत उघडणारं असलं तर गर्दी जितकी रेटेल तितकं ते घट्ट बसतं. पण या मैदानाच्या दाराबाहेर स्वागतकमान होती. कायमची. कमानीवर महाराजांचं चित्र होतं, आणि दार बाहेर उघडलं असतं तर त्याची कड महाराजांच्या मिशीला घासली असती. तेव्हा सुताराने विचारलं, मिशी सांभाळू की माणसं? चुकलो, माणसं नव्हे, जनावरं. त्याला उत्तर कोणी दिलं नाही. त्याने बिजागऱ्या फिरवून दार आत उघडतं केलं.

दारावर पहारा होता अस्वलदादाचा. साधा, अंगाने दांडगा, घरी दोन पिल्लं. सांगितलं ते करावं, मिळेल तो मध खावा.

सामन्याला आनशी नावाची एक भेकर आली होती. भेकर म्हणजे छोट्या चणीचं हरीण. जंगलात तिच्या जातीला मान असतो तो एका गोष्टीसाठी. धोका दिसला की भेकर भुंकल्यासारखं ओरडतं, आणि ते ओरडलं की बाकीची जनावरं जिथे असतील तिथे थांबतात. ससे बिळात जातात, माकडं वर चढतात. पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज आहे. भेकर उगाच ओरडत नाही.

आनशीबरोबर तिचं पाडस होतं, टिकल्या. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकल्या. त्याला वरच्या रानाच्या संघातला एक वानर फार आवडायचा. तो वानर चढाईला निघाला की टिकल्या चारी पायांवर उडायचा. आनशी त्याला सारखी म्हणत होती, अरे, पुढच्याच्या पाठीवर पाय पडतोय. पुढचा म्हणजे रानडुक्कर होता. तो म्हणाला, "असू द्या, बाई. आज अभय आहे."

सामना संपला. वरचं रान जिंकलं. सूर्य डोंगराला टेकायला आला होता. लहान जनावरं उठली.

दार बंद होतं. नुसतं बंद नव्हे. कडी चढवलेली आणि वर अडसर घातलेला. अडसर म्हणजे दाराच्या मागे आडवा सरकवतात तो लाकडी दांडा. चांगला मांडीएवढा होता.

महाराज बोलायला उभे राहिले. पायऱ्या भरलेल्या पाहून त्यांचं मन भरून आलं. विषय होता अभय. अभयाची परंपरा, अभयाचं महत्त्व, आपल्या जंगलाइतकं अभय जगात कुठेच नाही, असं बरंच बोलले. ते बोलत होते आणि सूर्य उतरत होता. सशांनी एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा शेजारच्या लांडग्याकडे. लांडगाही सूर्याकडेच बघत होता.

मग मागच्यांनी पुढच्यांना रेटलं. पुढचे दारावर जाऊन आदळले. दार आत उघडणारं, ते अजूनच घट्ट बसलं.

त्या गर्दीत टिकल्या ओरडला. भेकराचं ओरडणं, इशाऱ्याचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पण तो जिंकल्याचा दिवस होता. पायऱ्यांवरच्यांना वाटलं, वरच्या रानाचं पोरगं आरोळ्या देतंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. महाराजांना वाटलं, टाळ्या आपल्याला. त्यांनी भाषण थोडं वाढवलं.

भाषण संपलं, आभार मानून झाले, आणि मग दार उघडायची वेळ आली. तेव्हा ते उघडायला आधी दारामागून जीव बाजूला करावे लागले. किती गेले यावर पुढे दोन मतं झाली. टिकल्या गेला, यावर आनशीचं एकच मत होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल शोकात बुडालं. शोक रीतसर होता. तरसोजींनी दुःख व्यक्त केलं. ते व्यक्त करताना त्यांचा चेहरा जसा असतो तसाच होता, तेव्हा लोकांनी डोळे मिटून ऐकलं. महाराज म्हणाले, कोणाचीही गय केली जाणार नाही. मग म्हणाले, एक गोष्ट मात्र विसरू नका, काल एवढी गर्दी असूनही एकालाही कोणी खाल्लं नाही. यावर टाळ्या झाल्या. गेलेल्यांच्या घरच्यांना पुढच्या हंगामाचे फुकट पास जाहीर झाले. पुढच्या रांगेतले.

काजव्यांनी मूक मोर्चा काढला. त्यांना वेगळ्या मेणबत्त्या आणाव्या लागल्या नाहीत, तेवढा खर्च वाचला.

आणि संध्याकाळी वडाखाली चर्चा सुरू झाली. चर्चा साळुंकीबाई चालवायच्या. त्यांचं ठरलेलं होतं, रोज एक विषय, दोन बाजू, आणि एकाच वेळी सगळ्यांनी बोलायचं. जंगल या चर्चेवर फार विश्वास ठेवत असे. ज्याला काही कळायचं नाही तोही तिथून तावातावाने घरी जायचा.

पहिल्या दिवशी ठरलं, की चूक नदीकाठच्या लोकांची. हरले म्हणून चिडले आणि रेटले. दुसऱ्या दिवशी नदीकाठचे आले आणि ठरलं, की चूक वरच्या रानाची. जिंकले म्हणून माजले आणि रेटले. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा गवा आला. त्याचं म्हणणं, मूळ दोष सशांचा. इतकी पोरं काढतात, मग गर्दी होणार नाही तर काय होणार? एक मोर म्हणाला, आपल्या समाजात भाषण शेवटपर्यंत ऐकायचे संस्कारच उरले नाहीत, सामना संपला की लगेच उठायचं, ही कसली रीत. हे सर्वांना पटलं. वडाखाली बसलेले सगळे शेवटपर्यंत ऐकणारेच होते.

कोणीतरी असंही म्हणालं, की आईने एवढं लहान पाडस घेऊन जायचंच कशाला.

आनशी मागे उभी होती. तिने विचारलं, "दाराला अडसर कोणी घातला?"

साळुंकीबाई म्हणाल्या, "ताई, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. पण आजचा विषय संस्कार आहे. अडसर आपण पुढच्या आठवड्यात घेऊ."

पुढच्या आठवड्यात चौकशी नेमली गेली, म्हणून अडसर राहूनच गेला. विषय न्यायप्रविष्ट झाला, असं बाई म्हणाल्या.

चौकशीला घुबडशास्त्री बसले. व्याकरणात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. चौकशी दिवसा भरायची आणि शास्त्रीबुवा दिवसा झोपायचे. महाराजांनी ही जोडी विचार करून जमवली होती.

पहिली साक्ष अस्वलदादाची. तो पुढे आला, हात जोडले आणि म्हणाला, "दार मी लावलं."

तरसोजी खाकरले. शास्त्रीबुवांचा एक डोळा उघडला.

"काय म्हणालात?"

"लावलं, बुवा. कडी घातली, अडसर सरकवला."

"अस्वलदादा, ही चौकशी आहे, पारावरच्या गप्पा नव्हेत. इथे शुद्ध बोलावं. तुम्ही 'लावलं' म्हणालात की कर्ता आला. कर्ता आला की कर्म आलं. कर्म आलं की ते भोगायला कोणीतरी आलं. वाक्य उगाच लांबतं. 'लागलं' म्हणा. सुटसुटीत आहे."

अस्वलदादाने तरसोजींकडे पाहिलं. ते हसत होते. निदान तसं दिसत होतं.

"लागलं," अस्वलदादा म्हणाला.

"पाहा, किती हलकं वाटतं."

आणि खरंच, मुलांनो, अस्वलदादाला हलकं वाटलं. त्याच्या खांद्यावरून काहीतरी उतरलं. ते उतरून कुठे गेलं, ते त्याने बघितलं नाही.

मग तरसोजींची साक्ष झाली. दार लावायला कोणी सांगितलं, असं विचारल्यावर ते म्हणाले, तसं ठरलं. कोणी ठरवलं? ठरत गेलं. महाराजांना विचारलं, तर त्यांच्या कानावर काही आलं नव्हतं. जे आलं ते टाळ्यांमध्ये ऐकू गेलं नाही. सुताराला विचारलं, तर बिजागऱ्या फिरल्या होत्या. असं करत करत कागदावर जे उतरलं ते असं. बिजागऱ्या फिरल्या. दार लागलं. भाषण लांबलं. गर्दी झाली. जीव गेले. वाचून शास्त्रीबुवांचे दोन्ही डोळे उघडले. इतका स्वच्छ मजकूर त्यांनी क्वचित पाहिला होता. कुठेही कोणाचं बोट लागलेलं नव्हतं.

माझ्या दुकानात एक मुनीम होते, तात्या मांजरेकर. हात मोठा चपळ. त्यांच्या हाताखाली वर्षभरात जेवढं काही फुटलं, ते सगळं आपलं आपण फुटलं. काच फुटली, कप फुटला, तराजूचं पारडं निसटलं. एकदा मी म्हटलं, तात्या, तुम्ही जवळ नसताना या वस्तू कशा गुण्यागोविंदाने राहतात, आणि तुम्ही आलात की कशा आत्महत्या करतात? ते म्हणाले, "शेठ, माझा पायगुण." घुबडशास्त्री भेटले असते, तर त्यांनी तात्यांना जावई करून घेतलं असतं.

असो. आनशी चौकशीत उठून उभी राहिली.

"शास्त्रीबुवा, मी अडाणी. पण दार वाऱ्याने लागतं, हे मला ठाऊक आहे. आमच्या झुडपातसुद्धा पाल्याचं झापड वाऱ्याने लागतं. पण वारा अडसर घालत नाही."

एवढं एक वाक्य. चौकशीत चलबिचल झाली. शास्त्रीबुवांनी मान पूर्ण मागे फिरवली, पुन्हा पुढे आणली आणि म्हणाले, मुद्दा महत्त्वाचा आहे, वाऱ्याचा यात हात दिसतो. वाऱ्याला बोलावणं धाडलं. वारा हजर झाला नाही. त्याला फरार जाहीर केलं. तो जाहीरनामा वडाला लावला, तर वाऱ्याने तो उडवून नेला. यावरून वारा उद्धट आहे, असा शेरा पडला.

त्या दिवशी दुपारी अस्वलदादा आनशीच्या झुडपाशी आला. हातात मधाचं पोळं होतं. ते त्याने खाली ठेवलं आणि तिथेच जमिनीकडे बघत उभा राहिला.

"वहिनी, दोन घास खा. कधीपासून पोटात काही नाही तुमच्या."

आनशी म्हणाली, "मध नको मला. चार जणांत एकदा म्हण, लावलं."

"माझीही दोन पिल्लं आहेत, वहिनी."

"माझंही एक होतं."

अस्वलदादाने पोळं तिच्याकडे आणखी थोडं सरकवलं. मग म्हणाला, की ते सोडून काय हवं ते मागा, झुडूप शाकारून देतो, पाणी आणून देतो, जन्मभर देतो. आनशीने सांगितलं, तिला जन्मभराचं पाणी नको, एक अक्षर हवंय. 'ग'च्या जागी 'व'. तेवढं झालं की ती टिकल्याच्या नावाने रडायला मोकळी. आत्ता ती रडते तेव्हा तिला वाटतं, तो पायरीवरून आपणच घसरला.

"तुझ्या हातून झालं, तुझ्या मनातून नाही, हे मला कळतं रे," ती म्हणाली. "म्हणून तर तुला सांगते. त्या बाकीच्यांना सांगून काय उपयोग?"

अस्वलदादा गेला. मध तिथेच राहिला. किंवा शुद्ध बोलायचं नसेल, तर त्याने तो तिथेच ठेवला.

मग निकालाचा दिवस आला. सगळं जंगल मैदानात जमलं. या खेपेला दार लागलेलं नव्हतं, कारण सगळे शेवटपर्यंत थांबणारच होते.

शास्त्रीबुवांनी निकाल वाचला. "या प्रकरणी मूळ वाक्य आहे, 'दार लागलं'. या वाक्यात कर्ता कोण? दार. दुसरा कर्ता वाक्यात शोधूनही आढळला नाही. जो कर्ता, तो करणारा. सबब दार दोषी आहे."

काय जल्लोष झाला म्हणता. वरचं रान आणि नदीकाठ एकमेकांच्या गळ्यात पडले. माकडांनी चिंचा वाटल्या. न्याय मिळाला होता, आणि तोही आपल्यापैकी कोणाच्या घरात न शिरता. साळुंकीबाईंनी सांगितलं, की हा विषय त्यांनी लावून धरला म्हणून हे झालं.

शिक्षेवर मात्र मतभेद झाले. जहाल होते ते म्हणाले, दाराला फाशी द्या. सुतारपक्षी म्हणाला, बिजागरीला टांगलेलंच आहे ते, अजून किती टांगणार? कोणी म्हणालं, चुलीत घाला. मोर उदार मनाचा होता. त्याचं म्हणणं पडलं, की दाराला दोन बाजू असतात, दोन्ही ऐकून घेतल्या पाहिजेत. शेवटी महाराजांनी दया दाखवली आणि दाराला जन्मठेप दिली.

आता अडचण अशी, की त्या जंगलात तुरुंग नव्हता. लागलाच नव्हता कधी. गुन्हेगाराला महाराज जेवणात घेत. मग डोंगरातली एक गुहा तुरुंग म्हणून ठरवली. दार उखडून तिथे नेलं. आणि दाराला तुरुंगात ठेवायचं म्हणजे कुठे ठेवायचं? गुहेच्या तोंडाला बसवलं. बसल्यावर ते फार शोभून दिसलं.

तरसोजींनी पाहिलं आणि त्यांच्या मनात आलं, एवढा छान तुरुंग झाला आणि आत कोणीच नाही, हे बरं दिसत नाही. ते बोलले नाहीत. तसं ठरत गेलं.

उद्घाटनाला महाराज बोलायला उभे राहिले. विषय न्याय. आपल्या जंगलाइतका न्याय जगात कुठेच नाही, असं म्हणत असताना आनशी गर्दीतून पुढे आली आणि दारासमोर उभी राहिली. तिने दाराला नाकाने हुंगलं. लाकडाला अजून वास होता.

"यानं काही केलं नाही," ती म्हणाली. "याला लावलं कोणी?"

महाराज थांबले. भाषणात कोणी मध्ये बोललं की त्यांना पुढचं आठवत नसे. शास्त्रीबुवा झोपेतून उठून म्हणाले, की निकाल लागल्यावर 'लावलं' म्हणणं हा निकालाचा अवमान आहे. शिवाय भाषेचाही.

कोणी तिला धरलं नाही. तशी नोंदच आहे. ती आत गेली, असं नोंदीत लिहिलंय. दोन लांडगे जवळ होते, हे खरं. पण ते उद्घाटनाला आले होते.

मग महाराजांनी अस्वलदादाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

अस्वलदादा पुढे झाला. हे दार बाहेर उघडणारं बसवलं होतं. गुहेपुढे कमान नव्हती ना, मग काही अडचण आली नाही. त्याने दार लोटलं, कडी चढवली, आणि तोच अडसर उचलला. मांडीएवढा. सगळ्या जंगलाच्या देखत, भर दुपारच्या उन्हात, त्याने तो सरकवला. लाकडावर लाकूड बसल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

आतून आनशी म्हणाली, "अस्वलदादा, आता तरी सांग. सगळ्यांनी बघितलंय."

अस्वलदादाचा हात अजून अडसरावरच होता. त्याने मागे वळून पाहिलं. ससे होते, माकडं होती, मोर होता. टिकल्याला असू द्या म्हणणारा रानडुक्कर होता. एवढे डोळे, आणि सगळ्यांनी पाहिलेलं. एकानेही तोंड उघडलं असतं तर त्यानेही उघडलं असतं. त्यांनाही तसंच वाटत होतं. त्यानं उघडलं असतं तर.

महाराजांनी विचारलं, "काय झालं?"

"दार लागलं, महाराज," अस्वलदादा म्हणाला.

"दार लागलं," जंगल म्हणालं. एका सुरात, अगदी शुद्ध.

तेव्हा गुहेतून आनशी ओरडली. भेकराचं ओरडणं, इशाऱ्याचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ते ऐकलं की जिथे असाल तिथे थांबायचं, हा त्या जंगलाचा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महाराजांनी भाषण थोडं वाढवलं.

तात्पर्य: मुलांनो, दारांपासून फार जपून राहावं. दार ही मोठी दुष्ट वस्तू. मनात येईल तेव्हा लागतं, लागलं की जीव घेतं, आणि पकडलं गेलं तरी तोंडातून एक शब्द काढत नाही. दार लावणाऱ्यावर मात्र खुशाल विश्वास ठेवा. तो कधी सापडत नाही, आणि जो सापडत नाही त्याने काही केल्याचं कोण म्हणेल? न्याय हवा असेल तर मोठ्याने मागा, सगळ्यांनी मिळून मागा, फक्त 'कोणी' हा शब्द मध्ये घालू नका, म्हणजे तो लवकर मिळतो. आणि कोणी इशाऱ्याची हाक दिली तर टाळ्या वाजवा. हाक ऐकू येणं बंद होतं.

आता उठा, घरी जा. जाताना दार मी लावेन. लागणार नाही, लावेन.

आणि एक माझी विनंती. उद्या तुमच्यापैकी कोणी दुकान टाकेल, कोणी संस्था चालवेल, कोणाच्या हाती अख्खं मैदान येईल. वहीत लिहायची वेळ आली की 'बरणी फुटली' असं लिहू नका. फोडली असेल तर फोडली लिहा, आणि कोणी फोडली त्याचं नाव त्याच ओळीत लिहा. नाव मालकाचं असलं तरी लिहा. हिशेब तेवढा खरा ठेवा.